शाळा सोडण्याचे कारण

दाखल्याच्या त्या रकान्याशी येऊन
बाबूचा पेन थांबला.
'कारण सांगा जी. बदली लिहू?'
बदली नाही. तांडापेठेतच राहतो आम्ही,
नाईक तलावाच्या मागच्या गल्लीत,
तिथून कुठे जाणार.
'मग?'

मग काय सांगू.
की शर्वाणीला दुसरीत रोज
हाताची घडी घालून बसवलं जायचं
कारण तिचं लिहून झालेलं असायचं.
की बाई वाईट नव्हत्या.
एकसष्ट पोरं, एक पंखा, एप्रिल,
त्या तरी काय करतील.
'थांब, बाकीच्यांचं होऊ दे.'
हे वाक्य माझी पोर झोपेत बोलायची,
बाईंच्याच आवाजात.

की मी मोठ्या सरांकडे तीनदा गेलो,
निदान गणिताच्या तासाला पाचवीत बसू द्या म्हणून.
ते म्हणाले, नियमात बसत नाही.
मला वाटलं, पोरीबद्दल बोलताहेत.
तीही बसत नव्हतीच.
शेवटी शेवटी तर पोटात दुखतं म्हणून
सकाळी संडासात कडी लावून घ्यायची
आणि आतून फरश्या मोजल्याचा आवाज यायचा,
सतरा साते एकशे एकोणीस.

रकाना दीड इंचाचा.

माझ्या आजोबाची शाळा मागाने सोडवली.
नववारीच्या काठाला दोन हात कमी पडत होते,
चौथीतून उचलून खड्ड्यात बसवलं त्याला.
बाप सातवीपर्यंत पोचला.
मी बारावी, घरातला पहिला.
आता उन्हातान्हात लोकांची विजेची मीटरं वाचतो
आणि सांगतो, शिकलो म्हणून वाचता येतं.
आमच्यात कुणी शाळा सोडली नव्हती कधी.
सुटली होती.
सोडणारा मी पहिला.

काका दारातूनच ओरडले,
'काऊन बे, हुशार आहे म्हणून पोरीले घरी बसवून राहिला?
ढ असती तर काय केलं असतं?'
याचं उत्तर अजून सापडलं नाही.
प्रणिता भाकरी थापत म्हणाली,
'फी वाचली त्याची पुस्तकं आण.
बाकी मले विचारू नको.
मले भेव वाटून राहिलं.'

बाबूने शेवटी आपल्याच मनाने लिहिलं,
पालकांची विनंती.
प्रगती चांगली, वागणूक ठीक.
शिक्का मारला, हजेरीतून नाव कमी केलं.
आडनाव आमचं आधीच निनावे.

ते जूनमधलं.
आता काही सकाळी ती गाडीवर माझ्या मागे असते,
गोळीबार चौकातून पाचपावलीकडे.
मी आकडे टिपतो, ती लुकलुकणारा लाल दिवा बघते.
'बाबा, हे लोक तर गावाले गेले,
मग मीटर काऊन पळते?'
माहीत नाही, मी म्हणालो.
ती इतकी खुश झाली
की मी घाबरलो.
मोठ्या माणसालाही माहीत नसतं
हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
रात्री घरातली एकेक वस्तू बंद करत
अंधारात दोघं मीटरसमोर उभे राहिलो.
आधी फ्रिज निघाला,
मग देव्हाऱ्यातला बल्ब.

सगळे दिवस असे नसतात.
काही दिवस ती नुसती लोळते.
काही दिवस मी ओरडतो,
बाईंच्याच आवाजात.
बुटाची नाडी तिला अजून बांधता येत नाही,
आणि आता बूट लागतात कुठे.
पहिला आठवडाभर शाळेचा ऑटो
सवयीने दारात हॉर्न वाजवून जायचा.
आम्ही तिघंही आत गप्प.

दुपारी दीडला तोच ऑटो
समोरच्या अल्फियाला सोडतो.
शर्वाणी सव्वापासून पायरीवर.
पण अल्फियाला घरचा अभ्यास असतो,
तेराचा पाढा, पाच वेळा,
आणि ती सावकाश लिहिते, जीभ बाहेर काढून.
'थांब नं, माझं होऊ दे.'

आणि ही थांबते.
हाताची घडी न घालता,
तिच्या अगदी शेजारी,
पाय हलवत.